बार खाली ठेवताना : पॉवरलिफ्टिंगवरची चार पत्रं

प्रश्न : वय 31, राहणार भुसावळ. सरावात 180 किलोचा स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बसून उठणं) स्वच्छ बसतो. मागच्या स्पर्धेत आदल्या दिवशी पाणी बंद करून अंगाचं वजन 85 वरून 83 किलोच्या गटात आणलं, 172.5 ने सुरुवात केली आणि तिन्ही प्रयत्न बाद झाले. टोटलच (स्क्वॉट, निजून छातीवरून ढकलायचा बेंच प्रेस आणि जमिनीवरून उचलायची डेडलिफ्ट यांतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज) लागली नाही. दोन महिने झाले, तालमीकडे फिरकलो नाही. परत कसं सुरू करू?

उत्तर : भाऊ, मनाचं नंतर बघू, आधी हिशेब बघू. 172.5 म्हणजे तुमच्या 180 चे जवळपास 96 टक्के. हे दुसऱ्या प्रयत्नाचं वजन झालं. पहिल्या प्रयत्नाला असं वजन सांगायचं, जे सरावात वाईट दिवशीही तीनदा बसतं. तुमच्यासाठी ते 160 ते 162.5. प्रयत्न फसला की पुढच्या वेळी वजन कमी करता येत नाही, तेच ठेवावं लागतं किंवा वाढवावं लागतं. त्यामुळे जड सुरुवात केलेला माणूस तिसऱ्या वेळी थकलेल्या पायांनी त्याच वजनाखाली उभा राहतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. वजनकाटा स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतो आणि दीड तास चालतो. एवढ्यात दोन लिटर पाणी अंगात मुरत नाही, पोटात डचमळत राहतं. पायांत गोळे येतात आणि पोट ताठ धरता येत नाही. पुढच्या दोन स्पर्धा सरळ 93 च्या गटातून खेळा. पदक कदाचित मिळणार नाही, पण टोटल लागेल, आणि आत्ता तुम्हाला टोटलचीच गरज आहे.

आता ‘स्वच्छ बसतो’ हे तपासा. खाली बसल्यावर मांडी आणि कमरेच्या सांध्याची घडी गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली जायला हवी. समोरच्या आरशात हे दिसत नाही. मोबाइल बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर टेकवून चित्रण करा. उभ्याने वरून घेतलेलं चित्रण फसवतं. जोडीदाराला पंचांच्या ‘स्क्वॉट’ (सुरू कर) आणि ‘रॅक’ (बार स्टँडवर परत ठेव) या आज्ञा मोठ्याने द्यायला लावा. पंचांचे बरेच लाल, म्हणजे बादचे, दिवे वजनामुळे पडत नाहीत, आज्ञेआधी हललेल्या पायामुळे पडतात.

दहा आठवडे धरा. पहिले दोन आठवडे 90 ते 100 किलो, पाच-पाचचे चार सेट, तळाला दोन आकडे मोजून थांबायचं. मग दर आठवड्याला सात-साडेसात किलो चढवा आणि एका सेटमधले स्क्वॉट पाचावरून तीनावर, तीनावरून दोनावर आणा. आठव्या आठवड्यात 145, दहाव्यात आज्ञांसह एकदा 160. बसलं की जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव द्या. तिथे आकडा गाठायचा नाही, तिन्ही प्रकारांचे मिळून नऊच्या नऊ प्रयत्न पांढरे, म्हणजे मान्य, करायचे. हरल्यावर उभं राहायला जोश पुरत नाही, असे नऊ पांढरे प्रयत्न लागतात.

प्रश्न : शिरपूरजवळ राहते, वय 19. आमची तालीम पत्र्याच्या शेडमध्ये आहे. मे महिन्यात बार हातातून आणि पाठ बेंचवरून घसरते. सराव बंद ठेवू का?

उत्तर : नाही ताई, वेळ बदल. पहाटे साडेपाचला सुरू करून साडेसातला संपव. दुपारी पत्रा सगळ्यात जास्त तापलेला असतो, ती वेळ टाळ. तळहाताला आणि टी-शर्टच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्यांवर चॉक (घसरू न देणारी पांढरी पूड) लाव. नियमात ते चालतं. बार कोरड्या फडक्याने पूस, तेलकट फडकं लावू नकोस. मीठ घातलेलं लिंबूपाणी आणि एक-दोन केळी जवळ ठेव, आपल्याकडे केळ्यांना तोटा नाही. चक्कर आली किंवा घाम थांबून अंग तापलं तर त्या दिवशी बारला हात लावू नकोस. सावलीत जा आणि अंगावर पाणी घे.

प्रश्न : चाळीसगावचा आहे. गुडघ्यामुळे स्वतः खेळणं थांबवलं. तालमीतली दोन पोरं, वय 16 आणि 17, पहिल्यांदा स्पर्धेला निघालीत आणि मी सोबत जातोय. तिथे माझं नेमकं काम काय?

उत्तर : दादा, या कामाची सुरुवात महिनाभर आधी होते. तालमीतल्या प्लेटी एकदा कापसाच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर मोजून घ्या. 20 लिहिलेली प्लेट साडेअठराही भरते आणि 20 चा म्हणून घेतलेला बार 16 चा निघतो. पोरगा 120 समजून जे उचलतो ते 113 असतं, मग स्पर्धेत तेच वजन ‘जड लागतं’. स्पर्धेत बार 20 किलोचा आणि दोन कॉलर (प्लेटी धरून ठेवणारे चिमटे) अडीच-अडीचच्या, म्हणजे रिकामा बारच 25 चा. हे आकडे पोरांकडून पाठ करून घ्या.

पोरांच्या पिशव्या स्वतः तपासा. सिंगलेट (अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख), टी-शर्ट, डेडलिफ्टसाठी नडगी झाकणारे मोजे आणि 10 सेंटिमीटरपेक्षा रुंद नसलेला पट्टा हवा. आत घट्ट, आधार देणारी चड्डी चालत नाही, साधी लागते. वजनकाट्यावरच पहिल्या वजनांबरोबर रॅकची उंची नोंदवा. ती राहिली तर पोराला बार पंजांवर उभं राहून काढावा लागतो.

गरम होण्याचा हिशेब तुम्ही ठेवायचा. पहिला प्रयत्न 120 चा असेल तर रिकामा बार आठदा, 50 पाचदा, 70 तीनदा, 90 दोनदा, मग 105 आणि 112.5 एकेकदा. एका खेळाडूला साधारण मिनिट लागतं. पोराचा नंबर गटात सातवा असेल तर शेवटचं 112.5 गट सुरू होता होता झालं पाहिजे. नवखी पोरं अर्धा तास आधीच सगळं उरकून थंड पडतात, नाहीतर नाव पुकारलं तरी वॉर्म-अपमध्येच असतात.

प्रयत्न झाला की एका मिनिटात पुढचं वजन टेबलावर द्यायचं. विसरलात तर यशस्वी प्रयत्नानंतर आपोआप अडीच किलो वाढतं आणि फसलेल्यानंतर तेच राहतं. डेडलिफ्टचा तिसरा प्रयत्न दोनदा बदलता येतो, बार भरून पुकारलेला नसेल तर. टोटलची खरी चुरस तिथे होते, म्हणून समोरच्या खेळाडूंचे आकडेही लिहीत राहा.

मंचावर जाताना तंत्र समजावू नका. ‘छाती वर’ किंवा ‘खाली बस’, दोन शब्द पुरेत. पोरगं फसून आलं तर पहिली दोन मिनिटं त्याला पाणी द्या आणि गप्प बसा. त्यानंतर फक्त पुढचं वजन सांगा. ‘माझ्या वेळी मी’ हे वाक्य त्या दिवशी तालमीतच ठेवून जा. त्याचा घाव खोल बसतो, हे आम्ही अगदी कळकळीने सांगतो.

प्रश्न : चोपडा तालुका, वय 57, मास्टर्स (प्रौढांच्या) गटात खेळतो. बीपीची गोळी चालू आहे. घरचे म्हणतात, आता पुरे. थांबलो तर अंग सुटेल ही भीती. कसं थांबू?

उत्तर : नाना, थांबायचं की नाही हे तुम्ही ठरवा. 50 ते 59 चा गट तुमच्यासाठी आहेच, पुढे 60 ते 69 आणि 70 च्या वरचाही आहे. पण आणखी एक स्पर्धा खेळणार असाल तर आधी गोळीचं पाकीट बघा. बीपीच्या कित्येक गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, नावापुढचा ‘एच’ बहुधा त्याचाच. उत्तेजक चाचणीत ते बंदी यादीत आहे. गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना पर्याय विचारा, किंवा औषधवापराची रीतसर परवानगी आधी घ्या.

थांबणार असाल तर एकदम थांबू नका. शेवटच्या स्पर्धेनंतर दोन आठवडे फक्त चालणं. मग चार आठवडे आठवड्यातून तीनदा, जुन्या वजनाच्या 50 ते 60 टक्क्यांवर, आठ-आठचे तीन सेट. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, पाच-पाचचे सेट, 70 टक्क्यांपर्यंत. कमावलेली ताकद एवढ्यावर बरीच टिकते. श्वास कोंडून एकदाच उचलायची कमाल वजनं मात्र कायमची सोडा, बीपी तिथेच उसळतं.

अंग सुटतं ते ताटामुळे. सराव निम्मा होतो आणि भूक महिनोन्‌महिने जुनीच राहते. पहिल्या आठवड्यापासून चारच्या जागी अडीच-तीन भाकरी घ्या आणि बट्टीवरचं तूप चमच्याने मोजा. अंडी, उडदाची डाळ, दूध तेवढंच ठेवा, स्नायू त्यावर टिकतात. दर रविवारी सकाळी बेंबीवरून टेपने कंबर मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. 90 सेंटिमीटरच्या वर असेल तर ती खाली यायला हवी. दोन महिन्यांत काहीच फरक नसेल तर आधी रात्रीची एक भाकरी कमी करा, सराव वाढवायला जाऊ नका. पाय बधिर झाला किंवा कळ गुडघ्याखाली उतरली तर हाडांच्या डॉक्टरकडे जा, मालिशवाल्याकडे नको.

आणि संध्याकाळी तालमीत जाणं सोडू नका. तुमची नेहमीची वेळ तीच ठेवा, फक्त त्या तासात पोरांच्या स्क्वॉटला बाजूने, गुडघ्याच्या उंचीला वाकून बघा आणि ‘रॅक’ म्हणा.