‘इमिग्रंट’ला मराठीत काय म्हणावे?

मालवणच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, ‘द क्लॅश’ या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘स्ट्रेट टु हेल’ या १९८२ मधील निषेधगीतावर महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी लिहिताना तिने ‘इमिग्रंट’साठी ‘स्थलांतरित’ हा शब्द योजला, सरांनी तो खोडून ‘निर्वासित’ केला आणि मुद्रिते तपासणाऱ्या मित्राने ‘परप्रांतीय’ सुचवला. तर बरोबर कोणता?

‘निर्वासन’ म्हणजे घालवून देणे, हद्दपार करणे. या मूळ अर्थाचे चपखल उदाहरण आपल्या रत्नागिरीतच आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून पुढे येथे आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तो येथेच वारला. व्युत्पत्तीने तो पक्का निर्वासित, पण तसे त्याला कोणी म्हणत नाही. कारण फाळणीनंतर या शब्दाला छावणी आणि रेशन कायमचे चिकटले आणि जीव वाचवून आश्रयाला आलेला, हाच अर्थ रूढ झाला. गाण्याच्या पहिल्या कडव्यातला माणूस मात्र पोलादाचे कारखाने बंद पडत चाललेल्या इंग्लंडमध्ये भाषेवरून हिणवला जातो. तो आश्रय मागत आल्याचे गाणे कोठेही सांगत नाही. त्यामुळे सरांची दुरुस्ती मला पटत नाही.

‘परप्रांतीय’ तर येथे सरळ चूक आहे, कारण प्रांत हा देशाच्या आतला असतो. शिवाय हा यजमानाच्या तोंडचा शब्द आहे. ‘मी परप्रांतीय’ अशी स्वतःची ओळख कोणी करून देत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील जेटीवर जाळे पसरून बसलेला नेपाळचा माणूस तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या प्रमुखाच्या लेखी ‘खलाशी’ असतो, फार तर ‘नेपाळी’. कामापुरती तेवढी ओळख पुरते.

राहिला ‘स्थलांतरित’. हा शब्द निर्दोष आहे, पण कोरडा आहे. ‘दुकान समोरच्या गाळ्यात स्थलांतरित झाले आहे’ या पाटीवर आणि माणसाच्या आयुष्यावर तो सारख्याच निर्विकारपणे बसतो. त्यात दिशाही नाही. ‘इमिग्रंट’ हा पोहोचलेल्या ठिकाणाहून पाहिलेला माणूस आहे. आपला घरगुती ‘चाकरमानी’ नेमका उलट, म्हणजे मागे राहिलेल्या घराच्या ओटीवरून, गणपतीला वाट पाहत, मुंबईकडे पाहणारा शब्द आहे. त्याला इंग्लंडात नेऊन बसवणे शक्य नाही. दिशा दाखवायची तर ‘आप्रवासी’ हा पारिभाषिक शब्द आहे, पण मराठीत ‘प्रवासी’ एस.टी.त बसतो, आणि घाईत वाचणाऱ्याला ‘आप्रवासी’ म्हणजे ‘प्रवासी नसलेला’ वाटण्याचा धोका आहे. कायद्याच्या मजकुरात तो चालेल, गाण्याच्या परिचयात खुपेल.

खरी अडचण दुसऱ्या कडव्यात आहे आणि तिच्याकडे तिघांपैकी कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. तेथे व्हिएतनाममधील एक मूल आहे. बाप युद्धावर आलेला अमेरिकन सैनिक, आई तेथलीच. ते मूल बापाकडे अमेरिकेला नेण्याची विनवणी करते आणि नाकारले जाते. या मुलाने एक पाऊलही स्थलांतर केलेले नाही. जन्मले तेथेच ते परके ठरले आहे. त्याच्यासाठी मराठीत ‘उपरा’ हाच शब्द आहे. जुन्या महसुली कागदांत ज्याचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क तो मिरासदार आणि ज्याला तो हक्क नाही असा कसणारा ‘उपरी’, अशी विभागणी आढळते. म्हणजे या शब्दकुळात प्रश्न कोण कोठून आला एवढाच नसून, कोणाला आपले मानले जाते हा आहे. तिसऱ्या कडव्यात गाणे न्यूयॉर्कला, पोर्तो रिकोच्या माणसांपर्यंत जाते. पोर्तो रिको अमेरिकेच्याच ताब्यातला असून तेथील लोक अमेरिकी नागरिक आहेत, त्यामुळे काटेकोरपणे पाहता तेथेही ‘इमिग्रंट’ बसत नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की पहिल्या कडव्याविषयी लिहिताना ‘स्थलांतरित’ ठेवावा, दुसऱ्यासाठी ‘उपरा’ घ्यावा, आणि संपूर्ण गाण्याला एकच शब्द हवा असेल तर तोही ‘उपरे’ असाच असावा. शीर्षकाचे तिने केलेले ‘थेट नरकात’ हे भाषांतर मात्र बदलावे. आपल्याकडे रागाने कोणी कोणाला नरकात धाडत नाही. ‘मसणात जा’ म्हणतात.