सोलापूरला तीन दिवस मुक्काम आहे. गड न चढता, आरामात चालत बघता येतील अशी जुनी ठिकाणं कोणती?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात येताय, सोबत आई-वडील आहेत, दोघंही साठीच्या पुढचे. वडील रोज तासभर चालतात, पण आईंचे गुडघे कुरकुरतात. गड नकोत, पण गाडीतून खिडकीदर्शनही नको. सोलापूर अशा मंडळींच्या सोयीचं आहे. किल्ले भुईकोट, देवळं नदीकाठी, जमीन सपाट. फक्त एक लक्षात ठेवा: इथे चढ नाही, पण उतार आहे. नदीकाठच्या देवळात पायऱ्या उतरून जावं लागतं आणि दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. आईंसाठी एक साधी काठी बरोबर घ्या.

पहिला दिवस गावातच काढा. सकाळी पार्क चौकातून हुतात्मा बागेच्या बाजूनं भुईकोट किल्ल्यात शिरा. मूळ बांधकाम बहमनी काळातलं, दुहेरी तट, बाहेर खंदक. सोळाव्या शतकात आदिलशाहीतली मुलगी निजामशाहीत दिली तेव्हा सोलापूर आंदण म्हणून कबूल केलं होतं. ते दिलं नाही, आणि त्यावरून दोन्ही घराणी पिढ्यानपिढ्या लढत राहिली. आत बत्तीस खांबी म्हणतात ती इमारत आहे आणि जुन्या देवळाचे उकरून काढलेले अवशेष आहेत. पण खरी गंमत तटाच्या भिंतीत आहे. देवळांचे कोरीव दगड बांधकामात जसेच्या तसे वापरलेत, कुठे आडवे, कुठे उलटे. भिंतीपासून चार हात लांब राहून हळू चालत गेलात तरच ते दिसतात. बहुतेक लोक बुरुजावर फोटो काढून अर्ध्या तासात बाहेर पडतात. तुम्ही दीड तास ठेवा.

किल्ल्याला लागूनच सिद्धेश्वर तलाव आहे. बाहेर येऊन त्याच्या कडेनं देवळापर्यंत जायला किलोमीटर-दीड किलोमीटर पडतं, रस्ता सपाट आहे. देऊळ तलावाच्या मधोमध, आवारात बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची समाधी. त्यांनी गावात आणि भोवती ६८ लिंगं स्थापली, सोबत अष्टविनायक आणि अष्टभैरव. अजूनही संक्रांतीच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, मिरवत या लिंगांना तैलाभिषेक करायला जातात. वडिलांना हौस असेल तर जुन्या पेठांतली पाच-सात लिंगं रमतगमत बघू देत. सगळी ६८ एका दिवशी करायचा हट्ट नको, शेवटी फक्त आकडे मोजले जातात. तुमची तारीख पुढे सरकून जानेवारीचा दुसरा आठवडा आला, तर मात्र १२ ते १६ या दिवसांत देवळाच्या आसपास गाडी नेण्याचा विचारच सोडा.

आता दुसरा दिवस, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना जिथे मिळतात ते ठिकाण, दक्षिण सोलापूर तालुक्यात, गावापासून साधारण ४० किलोमीटर. विजापूर रस्त्यानं मंद्रूपच्या पुढे जाऊन आत वळायचं. एसटीच्या भरवशावर जाऊ नका, परतीची गाडी चुकली की दिवस गेला. दिवसभराची गाडी ठरवा आणि सात वाजता निघा.

तिथे दोन देवळं पाठोपाठ आहेत, दोन्ही मिळून चालणं एक किलोमीटरसुद्धा होत नाही. आधी संगमेश्वराला जा. त्याच्या तुळईवर, म्हणजे छताखालच्या आडव्या दगडावर, मराठीतला एक फार जुना शिलालेख आहे, शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो वाचला. शेवटी लिहिलंय, ‘वाछि तो विजेया होईवा’: जो वाचील तो विजयी होईल. शाळेत मराठीतला पहिला शिलालेख म्हणून श्रवणबेळगोळचं ‘श्रीचामुंडराजे करवियले’ पाठ केलेल्या पिढीला हे दाखवायलाच हवं.

शोधताना लोक हमखास चुकतात. भिंती आणि खांब चाचपत फिरतात आणि लेख दिसला नाही म्हणून परततात. लेख डोक्यावर आहे. मोबाइलची बॅटरी अक्षरांवर सरळ मारली तर दगड नुसता पांढरा चमकतो. ती तुळईच्या कडेनं, जवळजवळ दगडाला समांतर धरा. मग प्रत्येक खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. एकानं उजेड धरायचा, दुसऱ्यानं फोटो काढायचा. आईंना मान वर करून उभं ठेवू नका, चक्कर येते. त्या खाली टेकल्या की फोटो मोठा करून दाखवा. अक्षरं ठळक करायला पाणी, तेल, खडू, पीठ काहीही लावायचं नाही. लावलेलं खाचेत बसतं आणि पुढच्याला वाचणं अवघड होतं.

दुसरं देऊळ हरिहरेश्वराचं. ते कैक वर्षं गाळात गाडलेलं होतं. नावाप्रमाणे हरी आणि हर, म्हणून गाभारे दोन, आणि पुढे स्वर्गमंडप, म्हणजे मधोमध छत नसलेला, आभाळाला उघडा गोल मंडप. १९९९ साली इथेच ते बहुमुखी शिवलिंग सापडलं. सगळ्या अंगावर ओळीच्या ओळी लहान मुखं कोरलेली, ३५९. मूळ लिंग धरून ३६०. लांबून बघितलं तर नुसता खडबडीत दगड वाटतो. जवळ बसून एकच ओळ धरा आणि डावीकडून उजवीकडे सरकत जा, दहा मिनिटं तरी. सगळ्या मुखांकडे एकदम बघायला गेलं की डोळा कुठेच ठरत नाही.

संगमावर उतरायचं असेल तर काठावरच्या मातीकडे आधी बघा. काळी माती वरून सुकलेली दिसते, पाय ठेवला की घोट्यापर्यंत जातो आणि चप्पल आतच राहते. भीमेचं पाणी पावसाशिवायही वाढतं, कारण उजनी धरणातून आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सोडतात. काल कोरडा असलेला दगड आज पाण्याखाली असू शकतो. सोमवार आणि अमावस्या टाळा, गर्दीत लेखाखाली निवांत उभं राहता येत नाही.

तिसऱ्या दिवसासाठी दोन पर्याय आहेत, दोन्ही एका दिवसात कोंबू नका, दिशा वेगळ्या आहेत.

एक माचणूर, मंगळवेढ्याच्या रस्त्यावर, सुमारे ४० किलोमीटर. भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ, पात्रात जटाशंकराचं छोटं देऊळ, आणि शेजारी पडका किल्ला. औरंगजेबाची छावणी इथे ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं होती. इथून उठून तो म्हातारपणी सह्याद्रीतले गड घ्यायला गेला; तुम्ही नेमकं उलटं करताय, आणि शहाणपणाचं करताय. देवळात जाताना पायऱ्या उतरायच्या आहेत, आईंना कडेनं, एकेक पायरी घेऊ द्या. किल्ल्यात वेड्या बाभळी माजल्यात, त्यांचा काटा पातळ तळव्याच्या चपलेतून आरपार येतो. बूट घाला.

दुसरा नळदुर्ग, हैदराबाद रस्त्यावर, साधारण ४५ ते ५० किलोमीटर, जिल्हा धाराशिव. इथे एसटीनंही सहज जाता येतं. बोरी नदी अडवून बांधलेल्या धरणाच्या भिंतीतच पाणी महाल आहे, १६१३ सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला. पाणी भिंतीवरून सांडलं की नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात. पण ते पावसाळ्याच्या शेवटी, तेही पाऊस चांगला झाला तर. डिसेंबरात धबधब्याची आशा ठेवून गेलात तर हिरमोड होईल. बांधकाम बघायला जा. महालात उतरायचा जिना अरुंद आणि उभा आहे, तिथे आईंनी वरच थांबावं. किल्ल्यातला उंच उपळी बुरूजही त्यांच्यासाठी नाही. किल्ला फार पसरलेला आहे, शंभराहून जास्त बुरूज. दारापासून पाणी महाल आणि परत, एवढंच ठरवा. आई-वडिलांकडे बघता मी माचणूरपेक्षा नळदुर्ग निवडेन, वाट मोकळी आहे.

किल्ल्यांत तटाला आग्या मोहोळ लटकलेलं असू शकतं. अत्तर, उदबत्ती, सिगारेट यांपासून लांब राहा आणि पोळ्याखाली आरडाओरडा करू नका.

उन्हाचं म्हणाल, तर डिसेंबरातही अकरानंतर काळा दगड तापतो, आणि देवळात चप्पल काढावीच लागते. जाड सुती मोज्यांचा एक जास्तीचा जोड पिशवीत टाका. अनवाणी पाय पोळला की माणूस घाईनं चालतो आणि घाईत पायरी चुकते. साडेअकराच्या आत फिरणं संपवा, दुपार सावलीत काढा, चारनंतर पुन्हा निघा. माणशी दोन लिटर पाणी गाडीत हवंच. कुडलला आणि माचणूरला धड जेवण मिळेलच असं धरू नका. गावातून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचा डबा घेऊन निघा. कडक भाकरी दिवसभर जशीच्या तशी राहते. दही मात्र दहाच्या आत संपवा, आंबतं.