रॉबर्ट हॉरीसारख्या सहाय्यक खेळाडूला केवळ विजेतेपदांच्या बळावर बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये घ्यावं का?
नाही, केवळ विजेतेपदं पुरेशी नाहीत. हॉरीकडे एनबीएची (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची) ७ विजेतेपदं आहेत, पण कारकिर्दीची सरासरी सामन्याला ७ गुण आणि ऑल-स्टार सामन्यासाठी (हंगामातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंचा सामना) निवड एकदाही नाही. त्याच्या संघांचा भार ओलाजुवान, शाकील-कोबी आणि डंकन या स्टार खेळाडूंनी वाहिला. २००२ मध्ये हॉरी लेकर्स संघात असताना प्रतिस्पर्धी सॅक्रामेंटो संघाच्या दिवात्सने दूर लोटलेला चेंडू नेमका हॉरीच्या हातात आला आणि वेळ संपता संपता त्याने तीन गुण मारून सामना १००-९९ असा खेचून आणला. तो क्षण अजरामरच, पण हॉल ऑफ फेमचा मान अख्ख्या कारकिर्दीला मिळायला हवा. मात्र सहाय्यक खेळाडूला दार बंदच असावं, असं अजिबात नाही: मायकल कूपर लेकर्सकडून ५ विजेतेपदं जिंकला, शिवाय १९८७ चा सर्वोत्तम बचावपटू ठरला. २०२४ मध्ये झालेली त्याची निवड रास्तच आहे.