धावून थांबल्यावर येणारा खोकला

तुमची चौदा वर्षांची लेक शर्यत नीट पूर्ण करते, पण थांबल्यावर पाच-सात मिनिटांनी तिला खोकल्याची उबळ येते, छातीत शिट्टी वाजते. सर म्हणतात स्टॅमिना कमी आहे, आणि तुम्ही विचारताय की धावणं बंद करू का. बंद नका करू. आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

स्टॅमिना कमी असला तर धाप पळताना लागते आणि थांबलं की बसते. हिचं नेमकं उलट होतंय, आणि ही व्यायामाने उठणाऱ्या दम्याची खूण असू शकते. शाळेत माझंही असंच व्हायचं. बाकीची मुलं पाणी पिऊन घरी निघायची, मी गुडघ्यांवर हात टेकून खोकत उभा असायचो.

जोरात पळताना आपण तोंडाने श्वास घेतो. नाकातून जाताना हवा गरम आणि ओलसर होते, ते राहून जातं. मग कोरडी हवा श्वासनलिकेच्या अस्तरातला ओलावा शोषून घेते, तिथल्या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्यं सोडतात आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. थंड, कोरड्या किंवा धुळीच्या हवेत, सर्दीनंतर हे जास्त होतं. बहुतेक वेळा ३० ते ६० मिनिटांत आपोआप सुटतं, त्यामुळे दवाखान्यात पोचेपर्यंत छाती साफ! बसून केलेली स्पायरोमेट्रीही (यंत्रात फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) नॉर्मल येऊ शकते. म्हणून व्यायामाच्या आधी आणि नंतर फुंकून बघायची चाचणी आवर्जून विचारा. जोरात सोडलेल्या श्वासाचा पहिल्या सेकंदातला आकडा १० टक्के किंवा जास्त घसरला, तर निदानाला आधार मिळतो. आवाज श्वास आत घेताना, घशातून येत असेल तर तेही सांगा. तो त्रास स्वरयंत्राचा असू शकतो आणि त्यावर दम्याचा पंप (इनहेलर) चालत नाही.

उपचारात सहसा व्यायामाआधी १०-१५ मिनिटं साल्ब्युटामॉलचा, म्हणजे आवळलेल्या नळ्या सैल करणाऱ्या औषधाचा पंप देतात. पण तो रोज लागायला लागला तर मूळ दमा आटोक्यात नाही असं समजा. रोज घेतल्याने त्याचा असरही कमी होत जातो. अशा वेळी सूज कमी करणारा स्टिरॉइडचा पंप लागतो. 'स्टिरॉइड' शब्दाला घाबरून तो मधेच सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती. तो घेतल्यावर चूळ भरायची, एवढं पाळा.

पंप मारायची पद्धत डॉक्टरांसमोर करून दाखवायला लावा. मी कित्येक महिने औषध जिभेवरच उडवत होतो. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावला, दाबल्यावर सावकाश खोल श्वास घेऊन दहा आकडे रोखला, तेव्हा कुठे फरक पडला.

वॉर्म-अप दहा-पंधरा मिनिटांचा हवा, त्यात मधूनमधून छोट्या जोरकस धावा. पुष्कळांना त्यानंतर तासभर तरी त्रास कमी होतो.

पंप दप्तरात वर्गात ठेवून उपयोग नाही, मैदानावर हाताशी हवा. पंप घेऊनही वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर थेट इस्पितळात न्यायचं, हे सरांनाही सांगून ठेवा.