पायपुसण्यावर शू करते म्हणजे राग काढतेय असं नाही

दहा वर्षांची मांजर दत्तक आणून आठ दिवस झाले, दिवसभर पलंगाखाली आणि रात्री पायपुसण्यावर शू, हे तुमचं वाचलं आणि आमची मनीच आठवली. ती आली तेव्हा नऊ वर्षांची होती.

एकाच खोलीत ठेवा, ओढून बाहेर काढू नका, आधीच्या घरी जी वाळू होती तीच वापरा, हे माहीत असेलच. आमचं घोडं पेंड खात होतं ते भलतीकडेच. घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं तर तिला धड हात न लावता निदान, 'नव्या घराचा राग काढतेय, दुर्लक्ष करा.' वर फी. आणि मी ते ऐकलं हो, दोन महिने त्या बिचारीवर ओरडत राहिले. एका रात्री पाणी प्यायला उठले तर बाई वाळूच्या डब्यापाशी उभी, पुढचे दोन पाय आत, मागचा एक उचलला, परत खाली ठेवला, आणि तशीच अर्धी आत अर्धी बाहेर, धार सगळी लादीवर. तेव्हा ट्यूब पेटली! मीच हौसेने झाकणाचा, वीतभर उंच कडेचा डबा आणला होता. दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी तपासली, एक्सरे काढला, मागच्या पायांत संधिवात निघाला.

मग कपडे ठेवायचा एक पसरट प्लास्टिकचा डबा घेतला, एका बाजूची कड गरम सुरीने कापून चार बोटं ठेवली, पॉलिश पेपरने घासली, आत बिनवासाची वाळू दोनेक इंच. चौथ्या दिवसापासून पायपुसणं कोरडं. तुमच्याकडे कारण वेगळंही असेल, मी काही डॉक्टर नाही, पण म्हातारं मांजर असेल तर आधी लघवी तपासा, स्वभावाचं नंतर बघू. बोका असेल आणि नुसता कुंथतोय, थेंबही येत नाही, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच न्या. दीड-दोन दिवस काहीच खाल्लं नाही तरीही.

आणि फिनेल बंद! आमच्या मावशी रोज मायेने दुप्पट ओतायच्या. मांजरांना ते विषारी असतं, पाय चाटताना पोटात जातं. एन्झाइमवालं क्लीनर घ्या, महाग आहे पण वास मुळापासून जातो, नाहीतर ती परत तिथेच येणार.

वाळूचे गोळे कमोडमध्ये टाकू नका हं. पाइप तुंबतो, प्लंबरला काय सांगायचं तेही सुचत नाही.