जवळची मैत्री तुटल्यावर स्वतःचाच एखादा भाग हरवल्यासारखे का वाटते?

जिवलग मैत्री संपल्यावर 'मी पूर्वीचा राहिलो नाही' असे का वाटते, आणि आपण स्वतःला जे समजतो त्याचा मित्रांशी खरोखर इतका संबंध असतो का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते असतो; आणि हा संबंध मित्राच्या कौतुकामुळे किंवा टीकेमुळे असतो त्यापेक्षाही, मित्र आपल्या आयुष्याचा साक्षीदार असतो, यामुळे अधिक असतो.

काही वर्षांपूर्वी मी चारचौघांत, पहिली नोकरी कशी तडकाफडकी सोडली, याची हकीकत ऐटीत सांगत होतो. माझा जुना मित्र सगळे ऐकून घेऊन शांतपणे म्हणाला, "तडकाफडकी? अरे, तीन आठवडे रोज रात्री फोन करून तू मला तोच राजीनामा वाचून दाखवत होतास. शेवटी 'आपला विश्वासू' लिहावं की नुसती सही करावी, यातच चार दिवस गेले." सगळे हसले, मीही हसलो. मी खोटे बोलत नव्हतो. ती गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली होती की सांगता सांगता तिच्यातली भीती कधी गळून पडली, हे माझे मलाच कळले नव्हते. घरी परतताना प्रथम राग आला आणि मग, जरा आश्चर्यानेच, हायसे वाटले. कारण तीन आठवडे घाबरून शेवटी पत्र देणारा तो माणूस मला माझ्या गोष्टीतल्या शूर माणसापेक्षा अधिक ओळखीचा वाटला.

माणसाला ओळखणारे जितके लोक, तितके त्याचे सामाजिक 'मी' असतात, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच लिहून ठेवले आहे. पुढे १९०२ मध्ये समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी आरशाचे रूपक वापरले: दुसऱ्याला आपण कसे दिसत असू आणि तो आपल्याविषयी काय मत करत असेल, याची आपण कल्पना करतो, आणि त्या कल्पनेतून अभिमान किंवा लाज वाटून घेतो. रूपक चांगले आहे, पण मित्राच्या बाबतीत मला ते अपुरे वाटते, कारण आरशाला स्मरणशक्ती नसते. शिवाय काही बाबतींत मित्राला आपण आपल्यापेक्षा नीट दिसतो. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांच्या २०१० मधील संशोधनात असे आढळले की मनातली चिंता, अस्वस्थता यांचा अंदाज माणसाला स्वतःलाच बरा असतो. मात्र बुद्धी किंवा सर्जनशीलता यांसारख्या, जिथे आपला अहंकार गुंतलेला असतो अशा गुणांबाबत मित्रांचा अंदाज अधिक अचूक ठरतो.

आपण म्हणता त्या हरवलेपणाशी सर्वांत जवळचे काम मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे. नात्यातली जवळीक मोजण्यासाठी त्यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत वर्तुळांच्या सात जोड्या दाखवतात. पहिलीत 'मी' आणि 'तो' ही दोन वर्तुळे अलग असतात, तर सातवीत ती जवळजवळ एकमेकांवर आलेली असतात, आणि आपले नाते कोणत्या जोडीसारखे आहे, एवढेच आपण सांगायचे असते. मैत्री तुटली की मधला सामाईक भाग कोणाच्या वाट्याला जातो, याचे उत्तर त्या चित्रात नाही.

अर्थात साक्षीदार नेहमी उपकारकच असतो असे नाही. याच मित्राने माझ्यावर विसराळूपणाचा शिक्का विद्यार्थिदशेत मारला होता. प्रवासाला निघालो की तो हात पुढे करून म्हणायचा, "तिकीट माझ्याकडे दे, तू हरवशील." वीस वर्षांत मी एकही तिकीट हरवले नव्हते, तरी ते मुकाट्याने त्याच्या हातात देत असे, आणि खरे सांगायचे तर त्याच्या सहवासात मी खरोखरच विसराळू होत असे, चष्मासुद्धा तोच शोधून देई. जुनी मैत्री आपल्याला अशी एका वयात थांबवूनही ठेवू शकते, आणि त्यात आपलीही संमती असते, कारण ते सोयीचे असते.

त्या मित्राशी आता माझे बोलणे नाही. कारण मोठे नव्हते. दोघांनीही ते मोठे होऊ दिले. त्यानंतरच्या पहिल्याच एकट्या प्रवासात मी तिकिटासाठी खिसा निदान पाच वेळा चाचपला. पण अधिक जाणवले ते हे की, आता माझ्या तरुणपणाविषयी मी काहीही सांगितले तरी मला अडवणारे कोणी उरलेले नाही. आपल्याला जे हरवल्यासारखे वाटते, त्यात हा भाग किती आहे, हे जरूर तपासून पाहा.

गेल्या वर्षी एका नव्या स्नेह्याने मला पहिल्या नोकरीविषयी विचारले. मी ती हकीकत सांगितली, आणि या वेळी त्या तीन आठवड्यांसकट सांगितली.