उत्तर: बीएस्सी झूलॉजीनंतर समुद्राच्या क्षेत्रात शिरायचं तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. गोव्यातल्या डिचोलीची आहेस, झूलॉजीचं तिसरं वर्ष चाललंय, समुद्र-पर्यावरण-धोरण असल्या कामात जायचंय, स्वीडनच्या सागरी विद्यापीठाची माहिती वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही, आणि घरी बाबा म्हणतात बीएड करून मोकळी हो. शेवटी हळूच भावाचंही विचारलंयस, त्याच्याकडे 'बोटीवर लावतो' म्हणून एजंटाने पैसे मागितलेत. त्याचं शेवटी सांगतो. (वयाने बराच मोठा आहे म्हणून 'तू' म्हणतोय, राग मानू नकोस.)

माझ्याबद्दल थोडक्यात: मी मडकईचा. एकोणीस वर्षं बोटीवर काढली, शेवटची काही चीफ ऑफिसर म्हणून. मग पाठीने दगा दिला आणि किनाऱ्यावर आलो. आता कॅडेटना शिकवतो, अधूनमधून बॅलास्ट पाण्याच्या, म्हणजे रिकामी बोट तोल राखायला पोटात भरून घेते त्या पाण्याच्या, तपासणीची कामं करतो. म्हणजे मी शास्त्रज्ञ नाही, धोरण ठरवणाऱ्यांतलाही नाही. पण दोघांशीही रोजचा संबंध येतो, त्यामुळे कुणाचं कुठे अडतं ते दिसतं.

पहिली गोष्ट: 'ओशन सस्टेनेबिलिटी' या नावाची नोकरी शोधत बसू नकोस. या क्षेत्रात ज्यांचं म्हणणं ऐकलं जातं त्या प्रत्येकाच्या हातात आधी एक पक्की विद्या असते. कुणी बोट चालवलेली असते, कुणाला गाळातले किडे ओळखता येतात, कुणाला नकाशे करता येतात, कुणाला कायदा येतो. धोरण त्याच्यावर चढतं. नुसतं धोरण शिकून आलेली चांगली हुशार मुलं मी बैठकीत गप्प बसलेली पाहिली आहेत, कारण समोरचा जुना कॅप्टन एकच प्रश्न विचारतो आणि विषय संपतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, करंझाळ्याचा किनारा. दरवर्षीसारखे तेलगोळे, म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाचे डांबरासारखे चिकट गोळे, आले होते. शेजारी एक बाई पोराच्या टाचेला खोबरेल चोळून ते काळं काढत होती. तिथेच एका प्रयोगशाळेतली मुलगी वाकून ते गोळे स्टीलच्या पट्टीने खरवडत होती आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळत होती. वर तारीख, वेळ, भरती की ओहोटी. मी विचारलं, प्लास्टिकची पिशवी का नाही? म्हणाली, प्लास्टिकमधून त्याचेच हायड्रोकार्बन उतरतात, मग यंत्राला कळत नाही तेलाचं कुठलं आणि पिशवीचं कुठलं. पुढे प्रयोगशाळेत त्या तेलातली काही टिकाऊ संयुगं मोजतात. ऊन, लाटा, जिवाणू यांनी बाकीचं तेल बदललं तरी ही बरीचशी तशीच राहतात, म्हणून बोटांच्या ठशांसारखी उपयोगी पडतात: हे तेल कुठल्या विहिरीच्या जातीचं, कच्चं की इंजिनातलं, याचा माग लागतो.

मग तिने मला विचारलं, यात बोटींचा हात किती? मी सांगितलं की मार्पोल कराराच्या, म्हणजे बोटींचं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात टँकरला मुभा आहे. किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या पलीकडे, बोट चालू असताना, मैलामागे ३० लिटरपर्यंत तेल असलेलं टाक्यांचं धुवण सोडता येतं, आणि सगळं मिळून नव्या टँकरला आधीच्या मालाच्या तीस हजाराव्या भागापेक्षा जास्त नाही. भूमध्य समुद्राला 'विशेष क्षेत्र' असा दर्जा आहे, तिथे टँकरला हेही बंद. आपल्या किनाऱ्यासमोरच्या समुद्राला तो दर्जा नाही. ती फॉइल हातात धरून बघतच राहिली. "म्हणजे यातलं थोडं कायदेशीरही असू शकतं?" असू शकतं. आणि रात्री नियम धाब्यावर बसवून सोडलेलंही असू शकतं. ते बोटीवरच्या तेलाच्या नोंदवहीत सापडत नाही, सापडलंच तर वहीच्या खाडाखोडीत सापडतं.

तिला ठसे कळत होते, नियम माहीत नव्हता. मला नियम तोंडपाठ, ठसे म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. आपल्या समुद्राला विशेष दर्जा मागावा का, मागितला तर बंदरांत धुवण उतरवून घ्यायची सोय करावी लागेल, ती कुणी करायची, हे प्रश्न म्हणजे धोरण. ते मांडायला दोन्ही कळणारं माणूस लागतं, आणि असं माणूस फार कमी आहे. तुझी जागा मला तिथे दिसते.

तुझ्या झूलॉजीचं तर आणखी सरळ आहे. मुरगावात खनिज न्यायला येणारी बोट रिकामी येते. रिकामी म्हणजे पोटात कुठल्या तरी दुसऱ्या बंदराचं पाणी भरून, हजारो टन. माल चढतो तसं ते पाणी समुद्रात जातं. कॅडेट असताना मला बॅलास्ट टाकीत गाळ काढायला उतरवलं होतं. बॅटरीच्या उजेडात, पायाखालच्या चिखलात, नखाएवढा एक खेकडा चालत होता. निघालो होतो त्या बंदरापासून आम्ही तीन आठवडे दूर. वर येऊन सांगितलं तर सगळे हसले.

आज त्या खेकड्याला कायदा आहे. बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २००४ चा, अमलात आला ८ सप्टेंबर २०१७ ला. त्याचं मानक असं: सोडलेल्या पाण्यात ५० मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरमागे १० पेक्षा कमी, आणि १० ते ५० मायक्रोमीटरचे मिलिलिटरमागे १० पेक्षा कमी. शुद्धीकरणाची यंत्रं इंजिनियर बसवतो, पण जाळीत आलेला कोपेपॉड (पाण्यात तरंगणारा बारीक प्राणी) जिवंत की मेलेला हे मायक्रोस्कोपखाली झूलॉजीवालाच सांगतो. आमच्यासारख्याला दोन्ही सारखेच दिसतात. प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), शिंपले, गाळातले प्राणी ओळखणं, म्हणजे वर्गीकरण, याला कॉलेजात कंटाळवाणं समजतात. मन लावून कर. शिनाणे आणि तिसऱ्यो ओळखतेस तशी बाकीची मंडळी ओळखता आली पाहिजेत.

आता कुठे शिकायचं. डिचोलीहून बसने जाण्याच्या अंतरात काय काय आहे ते बघ. दोनापावलची एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, स्थापना १ जानेवारी १९६६, हिंदी महासागराच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेतून उभी राहिलेली. वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ, तिथे सागरी विज्ञान आणि सागरी जैवतंत्रज्ञानाची एमएस्सी. दोन्हींच्या प्रवेशाच्या अटी या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट वाच आणि अर्ज भर. एमएस्सीचा प्रबंध एनआयओत करायची संधी मिळाली तर सोडू नकोस, विषय आवडता नसला तरी. त्यानंतर नेट ही राष्ट्रीय परीक्षा. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. बाबांना हा आकडा सांग, त्यांना तो कळेल.

बाबांना आणखी एक नाव सांग: अदिती पंत. नागपूरच्या, पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी, एनआयओत समुद्रशास्त्रज्ञ. १९८३-८४ च्या मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय महिलांपैकी एक, दुसऱ्या सुदीप्ता सेनगुप्ता. भारताची पहिली मोहीमही डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली होती. म्हणजे मुलगी काही जगावेगळं मागत नाहीये.

बीएडला मात्र नावं ठेवू नकोस. शाळेत समुद्र शिकवणारं कोणी नाही, हे मी कॅडेटांकडे बघून सांगतो. बारावी सायन्स झालेली, मांडवीकाठी वाढलेली पोरं, पण आग्वादचा वाळूचा बार (नदीच्या तोंडाशी साचलेला वाळूचा उंचवटा) पावसाळ्यात बोटींना का बंद होतो आणि खनिजाच्या बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्यातून का जायच्या, हे विचारलं की गप्प. तरी तुझा ओढा संशोधनाकडे असेल तर बीएड नंतरही होतं.

'मेरीटाइम एज्युकेशन' म्हणून जे म्हणतात त्यात एक गोष्ट समजून घे. नौवहन आणि इंजिनाचे विषय शिकवायला बोटीवरचं सक्षमता प्रमाणपत्र आणि समुद्रावरचा अनुभव लागतो, वर प्रशिक्षकांचा कोर्स. तो मार्ग तुझा नाही. तो आमच्यासारख्या परत आलेल्यांचा, आणि त्यातही पगार बोटीवरच्यापेक्षा इतका कमी की चांगले लोक टिकत नाहीत. एका संस्थेत मी वर्षभर काढलं. तिथे हजेरीच्या वहीत चाळीस मुलं आणि वर्गात अकरा. ते सोडूनच दिलं. पण पर्यावरणाचा भाग शिकवायला बाहेरून माणूस लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तो भाग कोणीतरी स्लाइड वाचून उरकतं. पाच वर्षांनी तू तो शिकवू शकशील.

स्वीडनबद्दल. माल्मोचं ते विद्यापीठ आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, १९८३ मध्ये काढलं. एमएस्सी चौदा महिन्यांची, त्यात सागरी शिक्षण, कायदा आणि धोरण, समुद्राचं शाश्वत व्यवस्थापन असे वेगवेगळे गट आहेत. चांगलंच आहे. पण तिथे येणारे बहुतेक लोक निम्मी कारकीर्द झालेले असतात: बंदर खात्यातले, तटरक्षक दलातले, सागरी प्रशासनातले. बऱ्याच जणांना फेलोशिप असते. पदवी संपल्या संपल्या, घर गहाण टाकून, अनुभवाशिवाय जाऊ नकोस. वर्गात बाकीचे 'आमच्या बंदरात असं झालं' म्हणून बोलतील आणि तू पुस्तकातलं बोलशील. चार-सहा वर्षं काम कर, मग कुणाच्या तरी पैशाने जा.

तोवर दोन गोष्टी फुकट शिकता येतात. एक म्हणजे नकाशे. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमं आहेत, खाजन जमिनींचा, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनींचा, नकाशा करायचं त्यात लिहिलंय. गावाची जनसुनावणी असते तेव्हा म्हातारा रापणकार (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार) तावातावाने सांगतो की होड्या ओढायची जागा नकाशात नाही, मानस (बांधातलं पाण्याचं दार) नाही, बांध नाही. तो बरोबर असतो, पण त्याच्या हातात कागद नसतो. तो कागद करून देता आला पाहिजे. दुसरं म्हणजे करार मूळ मजकुरातून वाचणं. खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा करार जून २०२३ मध्ये झाला, भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली, जानेवारी २०२६ मध्ये तो अमलात आला. त्यात खोल समुद्रातल्या कामांआधी पर्यावरणाचा आघात तपासायची तरतूद आहे. ते तपासायला प्राणी ओळखणारी माणसं लागणार, हे मी वेगळं सांगायला नको. कायदा फारच आवडला तर मिरामारच्या कॉलेजातून तीन वर्षांची एलएलबी पदवीनंतरही होते. गोव्याची हरित लवादाची प्रकरणं पुण्याच्या खंडपीठाकडे जातात, तिथे शास्त्र कळणारे वकील कमीच.

पर्यावरण आघात अहवाल करणाऱ्या खासगी कंपन्यांत नोकरी लवकर मिळते, पगारही बरा. जा, पण डोळे उघडे ठेवून. एका कंपनीचा अहवाल मला वाचायला आला होता, गोव्यातल्या एका जेटीचा. माशांच्या यादीत चिलिका सरोवराचा उल्लेख तसाच राहिलेला. दुसऱ्याच राज्यातून उचललेली यादी. खाली सही एका झूलॉजीच्या मुलीची होती, बहुतेक पहिलीच नोकरी. तिला कुणी यादी दाखवली होती की नाही देव जाणे. न पाहिलेल्या प्राण्याखाली सही करू नकोस.

आणि हे सगळं ठरवायच्या आधी, १ जूनला मासेमारी बंदी लागायच्या आत, एखाद्या ओळखीच्या ट्रॉलरवरून एक दिवस बाहेर जाऊन ये. आलं चघळ, पोट रिकामं ठेवू नकोस. उलट्या झाल्या तर घाबरू नकोस, मला पहिले नऊ दिवस होत होत्या. पण संध्याकाळी परत जेटीवर उतरल्यावर पुन्हा जावंसं वाटतंय का, तेवढं बघ. नाही वाटलं तरी नकाशे आणि कायदा आहेच, ते कोरड्या जमिनीवर होतात.

आता भाऊ. तारवटी, म्हणजे खलाशी, व्हायचं असेल तर दहावीनंतरचा जीपी रेटिंगचा (साध्या खलाशाचा) कोर्स सहा महिन्यांचा, संस्था डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाच्या, मान्यताप्राप्त यादीत हवी. कोर्सची फी, पासपोर्ट, मेडिकल, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) यांचा खर्च आपला. पण नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत, एमएलसी २००६ या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात ते स्पष्ट आहे. मी स्वतः कॅडेटच्या जागेसाठी वास्कोत एकाला वीस हजार दिले होते, आईच्या बांगड्या मोडून. महिन्याने गेलो तर त्या ऑफिसात केस कापायचं दुकान होतं. खुर्च्या त्याच होत्या.

तेव्हा भावाला सांग, पैशांचं बोलणं निघालं की एजंटाला आधी आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरती करायच्या परवान्याचा नंबर, विचार. नंबर दिला तर डीजी शिपिंगच्या यादीत बघा, नाहीतर इथे टाक, मी बघून सांगतो. 'उद्या देतो' म्हणाला तर उद्या जायचंच नाही.